डेंटिस्टने आणि त्याच्या घरच्यांनी मदत मागायची कुणाकडे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्राखाली माझं नाव छापू नका ही विनंती आधीच करते, नाव-पत्ता वेगळ्या कागदावर तुमच्या ऑफिससाठी दिलाय. मी नागपुरातल्या एका डेंटिस्टची बायको आहे. क्लिनिकचं रिसेप्शन, हिशोब, लॅबचे फोन सगळं बरीच वर्षं मीच बघते, आणि आमच्या घरात दारू अन् गोळ्या दोन्ही येऊन गेल्यात. आता मिस्टर बरे आहेत, रोज क्लिनिकला बसतात, पण बरे होईपर्यंत आम्ही दोघांनी जे लपूनछपून काढलं ते दुसऱ्या कुणाला काढावं लागू नये म्हणून लिहून राहिले. माझी मागणी एकच आहे, नागपुरातल्या आणि विदर्भातल्या डेंटिस्ट लोकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी व्यसन, डिप्रेशन, कामाचा ताण यावर गुप्त राहील अशी मदतीची सोय पाहिजे, आणि तिचा डेंटिस्टची नोंदणी ठेवणाऱ्या डेंटल कौन्सिलशी, रजिस्ट्रेशनशी, डेंटिस्टच्या असोसिएशनच्या निवडणुकांशी कसलाही संबंध नसला पाहिजे.

दरवर्षी २६ जूनला व्यसनविरोधी दिनाच्या रॅली निघतात, तुमच्या पेपरात फोटो येतात. २४ डिसेंबरला डॉ. रफीउद्दीन अहमद यांच्या जयंतीला डेंटिस्ट डे म्हणून मोफत तपासणीची शिबिरं होतात. तिथं आमचे डॉक्टर लोक दिवसभर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्या पोरांना समजावतात, तोंड किती बोटं उघडतं ते बघतात, आतली कातडी कडक पांढरी व्हायला लागली म्हणजे पुढे काय होऊ शकतं ते सांगतात, आणि न रागावता, न लाजवता सांगतात, कारण रागावून कुणी खर्रा सोडत नाही हे त्यांना पक्कं माहीत आहे. डेंटल कॉलेजात तंबाखू सोडवायची केंद्रंसुद्धा आहेत. म्हणजे व्यसनी माणसाशी कसं बोलायचं हे ज्यांना शिकवलंय, त्यांच्यातलाच एखादा अडकला तर त्याच्याशी मात्र तसं बोलायला कुणीच नाही, हे मला फार लागतं.

लोकांना वाटतं डेंटिस्ट म्हणजे मजेत पैसा. एसी केबिन, ठरलेली वेळ, रात्रीची इमर्जन्सी नाही. मी रिसेप्शनच्या खुर्चीतून बघते म्हणून सांगते, दिवसभर मान एका बाजूला वाकवून, दोन बोटांच्या जागेत, समोरचा माणूस भीतीने आखडलेला, त्याची जीभ मधे येते, लाळ येते, आणि मिलिमीटरचं काम करायचं. चाळिशी यायच्या आधीच मान, पाठ, मनगट बोलायला लागतं. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरला निदान ड्युटी रूम असते, बरोबरचे चार जण असतात, एखादी केस बिघडली तर चहा घेताना बोलता येतं, इथं आपल्या क्लिनिकमध्ये माणूस एकटा. रूट कॅनालमध्ये फाइल, म्हणजे आतली बारीक सुई, तुटली तर तो ताण घेऊनच पुढचा पेशंट आत घ्यायचा. शिवाय चेअरचा हप्ता, आरव्हीजी म्हणजे दातांच्या डिजिटल एक्स-रेचा हप्ता, अवजारं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह, गाळ्याचं भाडं. प्रतापनगर, मानेवाडा, जरीपटका कुठेही जा, एकाच रस्त्यावर दातांच्या दवाखान्यांचे किती बोर्ड दिसतात ते बघा. २०२० ला लॉकडाऊन लागलं तेव्हा सगळ्यात आधी दातांचेच दवाखाने बंद पडले, ड्रिलच्या फवाऱ्याने कोविड पसरेल म्हणून. हप्ते पुढे ढकलता आले पण व्याज चालूच होतं. त्या काळात घरी बसून किती जणांच्या हातात संध्याकाळचा ग्लास लवकर यायला लागला हे ज्यांच्या घरात झालं त्यांना माहीत आहे.

आमच्याकडे सुरुवात मानेच्या दुखण्यापासून झाली. औषध कंपनीचे एमआर सॅम्पल ठेवून जातात, त्यात पॅरासिटामॉल आणि अफूच्या जातीचं वेदनाशामक ट्रामाडॉल एकत्र असलेल्या गोळ्या होत्या. दोन पेशंटच्या मधे एक घेतली, दुखणं गेलं, शिवाय जरा हलकंपण वाटलं. मग रात्री झोप येईना म्हणून अल्प्राझोलाम. ट्रामाडॉल २०१४ पासून शेड्यूल एच वनमध्ये आहे, म्हणजे केमिस्टने वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव लिहून ते ३ वर्षं ठेवायचं असतं, आणि २०१८ पासून ते एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली पण आलं. सामान्य माणसाला हे कुलूप आहे. पण ज्याच्या ड्रॉवरमध्ये स्वतःचं लेटरपॅड आहे त्याच्या हातात किल्लीच असते हो. आणि ही गोळी फसवते कशी बघा, रोज घ्यायची सवय झाली आणि एक दिवस नाही घेतली की अंग ठणकतं, नाक वाहतं, घाम येतो, पाय स्वस्थ बसत नाहीत. माणसाला वाटतं जुनं दुखणंच उठलंय, म्हणून पुन्हा घेतो, डोस वाढवतो, आणि जास्त डोसमध्ये ट्रामाडॉलने फिट येऊ शकते. स्वतः डॉक्टर असूनही त्याला हे कळत नाही असं नाही, कळतं, पण दुसऱ्याला जे सांगतो ते स्वतःला लागू करायची ताकद त्या वेळी राहिलेली नसते. दारू यात कधी मिसळली ते आम्हाला आजही नीट सांगता येत नाही. झोपेची गोळी आणि दारू एकत्र म्हणजे श्वास मंदावण्याचा धोका, हे तर दोन्ही पाकिटांवर मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे.

इथे एक गोष्ट मला असोसिएशनच्या लोकांना उघड सांगायची आहे. कॉन्फरन्स असो नाहीतर सीडीई म्हणजे डेंटिस्टच्या पुढच्या शिक्षणाचा कार्यक्रम, संध्याकाळी कंपनीकडून कॉकटेल अँड डिनर ठरलेलं असतं, कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं असतं. नुकतीच सोडलेल्या माणसाने तिथं जायचं कसं आणि नाही गेलं तर चार जण काऊन नाही आला म्हणून विचारतात त्यांना सांगायचं काय? नुसतं डिनर ठेवलं तर सायन्स काही कमी होणार नाही.

आता थोडी जुनी गोष्ट सांगते, मला ती मिस्टरांच्या उपचारांच्या काळात कळली आणि तेव्हापासून डोक्यातून गेली नाही. दात काढताना दुखू नये म्हणून नायट्रस ऑक्साइड म्हणजे लाफिंग गॅस पहिल्यांदा वापरणारा माणूस डेंटिस्टच होता, होरेस वेल्स, अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावचा. डिसेंबर १८४४ मध्ये त्याने आधी स्वतःवर प्रयोग केला, स्वतःचाच दात काढून घेतला. पुढच्या महिन्यात बोस्टनला मोठ्या डॉक्टरांसमोर करून दाखवायला गेला तर पेशंट मधेच ओरडला, सगळे हसले, फसवा म्हणाले. तो खचला. पुढे क्लोरोफॉर्मचे प्रयोग पण स्वतःवरच करत राहिला, त्याचं व्यसन लागलं, आणि त्या नशेच्या भरात जानेवारी १८४८ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर बायकांवर अ‍ॅसिड फेकलं, जेलमध्ये गेला, शुद्धीवर आल्यावर आपण काय केलं हे कळलं आणि तिथेच त्याने जीव दिला. वय फक्त ३३. ज्यांच्यावर अ‍ॅसिड पडलं त्यांचा तर काहीच दोष नव्हता. आणि मागे बायको होती, लहान मुलगा होता. १८६४ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने मान्य केलं की भूल देण्याचा शोध यानेच लावला. मला सारखं वाटतं की त्या बायकोने तोपर्यंतची वर्षं काय ऐकून घेतलं असेल.

दुसरा माणूस डेंटिस्ट नव्हता, सर्जन होता, पण प्रत्येक डेंटिस्ट रोज त्याचं काम वापरतो. विल्यम हॉलस्टेड. खालच्या जबड्याची नस बधिर करायचं इंजेक्शन, जे आज कुठल्याही क्लिनिकमध्ये दिवसातून कितीदा दिलं जातं, ते न्यूयॉर्कला १८८४ च्या सुमारास त्याने आणि त्याच्या साथीदारांनी कोकेन वापरून करून दाखवलं. तेव्हा कोकेनची सवय लागते हे कुणाला नीट माहीत नव्हतं, प्रयोग एकमेकांवर आणि स्वतःवर केले, आणि हॉलस्टेड त्यात पुरता अडकला. पण त्याच्या बाबतीत झालं असं की त्याला हॉस्पिटलात ठेवलं गेलं, आणि विल्यम वेल्च नावाच्या मित्राने त्याला बाल्टिमोरला आपल्याजवळ आणलं, लॅबमध्ये काम दिलं, हळूहळू सर्जरी करू दिली. पुढे जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलच्या पहिल्या मोठ्या प्राध्यापकांमध्ये तो होता, ऑपरेशनला रबरी ग्लोव्हज वापरायची पद्धत त्याच्याकडून रुजली. तो पूर्ण सुटला नाही हेही खरं, कोकेनच्या जागी मॉर्फिन आलं आणि ते बहुतेक आयुष्यभर राहिलं. पण तो जगला, त्याने काम केलं, शिष्य घडवले, कारण बातमी फुटू न देता त्याच्या बाजूला बसणारी माणसं होती. वेल्सला असं कुणी मिळालं नाही. एवढा एक फरक मला दोघांत दिसतो आणि तोच फरक मला आपल्या नागपूरसाठी मागायचा आहे.

कारण आपल्याकडे उपचार करणारे नाहीत असं नाहीच. मेडिकल आणि मेयो या सरकारी हॉस्पिटलांत, मिहानच्या एम्सला मानसोपचार विभाग आहेत, मानकापूरकडे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, धंतोली-रामदासपेठेत चांगले सायकियाट्रिस्ट आहेत. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मिटिंगा, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या बैठका, नागपुरातही होतात, तिथं आडनाव विचारत नाहीत. अडचण ही की नागपूर तसं छोटं आहे. धंतोलीत वेटिंगला बसलं की समोरच्या खुर्चीवर कुणीतरी ओळखीचं निघतंच, अहो डॉक्टर तुम्ही इथं कसे म्हणून विचारतं, आणि संध्याकाळपर्यंत ते अर्ध्या वस्तीत. केमिस्ट ओळखतो, पॅथॉलॉजीवाला ओळखतो, सायकियाट्रिस्टसाहेबांच्या मिसेसचा दात आपल्याच क्लिनिकमध्ये केलेला असतो. बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तर विचारूच नका. म्हणून लोक पुण्याला जातात, मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात, जे डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलं, आणि इथं सांगतात की डॉक्टर इम्प्लांटच्या कोर्सला गेलेत. पुण्याला जायला माझी ना नाही, तिथं सहचरी म्हणून बायकांचा वेगळा गट चालतो ही तर फार मोलाची गोष्ट आहे. पण अमरावतीच्या, गोंदियाच्या, चंद्रपूरच्या डेंटिस्टने प्रत्येक वेळी शेकडो किलोमीटर जायचं, क्लिनिक बंद ठेवायचं, आणि परत आल्यावर पुन्हा त्याच एकट्या केबिनमध्ये बसायचं, हे टिकत नाही.

घरच्यांचं काय होतं ते कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. पेशंटला फोन करून सांगायचं की सरांना ताप आहे. मग दुसऱ्यांदा, सर कॉन्फरन्सला गेलेत. असिस्टंटला सगळं माहीत असतं, ती बिचारी गप्प असते, लॅबचा मुलगा मोल्ड न्यायला येतो त्यालाही दिसतं. स्वतःच्या क्लिनिकला पगारी सुट्टी नसते, शटर खाली गेलं की पेशंट समोरच्या बोर्डाकडे जातो आणि ते बरोबरच आहे, त्याचा दात दुखून राहिला. मुलांच्या फीची तारीख तीच राहते. सासरी म्हणतात हिनेच टेन्शन दिलं असेल, माहेरी म्हणतात सोडून ये, आणि लग्नकार्यात कुणीतरी हमखास बोलून जातं, बाप्पा, डॉक्टर माणूस अन् असं? मुलगा दहावीला होता, तो मित्रांना घरी आणायचा बंद झाला, त्याने कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. डॉक्टरवर उपचार झाले पण त्या पोराशी कोण बोललं? अमेरिकेत १९५१ मध्येच अल्-अ‍ॅनॉन नावाने दारुड्यांच्या घरच्यांचे वेगळे गट सुरू झाले, ते सुरू करणारी लोइस विल्सन ही अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सहसंस्थापकाची बायको होती. तिला कळलं होतं की घरातले बाकीचे पण आजारी पडतात.

आणि घरच्यांना कुणी सांगणारं नसलं की काय होतं, तर बायका जाहिराती बघतात, न सांगता दारू सोडवा. कुणीतरी डायसल्फिरामची गोळी आणून देतं, वरणात नाहीतर चहात टाका म्हणतं. बायांनो, हे करू नका हो. ती गोळी पोटात असताना माणूस प्यायला तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी खाली जातं, जीवावर बेतू शकतं. ती त्याला सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायची असते. दुसरं म्हणजे रागाने एका दिवसात सगळं बंद करून खोलीत कोंडणं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं तर पहिल्या एकदोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो, भिंतीवर नसलेले किडे दिसतात, तशा अवस्थेत उपचार नाही मिळाले तर माणूस दगावतो. अल्प्राझोलामसारखी गोळी पण एकदम तोडायची नसते, हळूहळू कमी करतात. हे मला त्या वेळी फोनवर शांतपणे सांगणारं कुणी पाहिजे होतं. एवढंच, एक फोन.

कायदा आपल्या बाजूने आहे हे फार थोड्यांना माहीत आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था आजारातच धरल्यात, आणि कलम २३ प्रमाणे उपचाराची माहिती गुप्त ठेवणं हा पेशंटचा हक्क आहे, कोर्टाचा आदेश किंवा दुसऱ्याच्या जीवाला धोका असे मोजके अपवाद सोडून. एनडीपीएस कायद्यात पण कलम ६४ ए आहे, सेवनाचा किंवा अगदी थोड्या प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्य केंद्रात उपचार घ्यायला तयार असेल तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते, अट एवढीच की उपचार पूर्ण करायचे. तरी डेंटिस्टच्या डोक्यात एकच भीती असते, कौन्सिल. रजिस्टरवरचं नाव गेलं तर बीडीएसची पाच वर्षं, एमडीएसची तीन, बापाने काढलेलं कर्ज सगळं मातीत. ही भीती मी जवळून बघितली आहे, ती व्यसनापेक्षा जास्त वेळ माणसाला अडवून ठेवते. आता १९४८ च्या डेंटिस्ट कायद्याच्या जागी २०२३ चा राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर झालाय, राज्याच्या कौन्सिलची पण नव्याने मांडणी करायची तरतूद त्यात आहे. मग नियम नव्याने लिहिताना एक ओळ त्यात घाला ना, की जो डेंटिस्ट स्वतःहून उपचाराला येईल, सांगितलेल्या काळात प्रॅक्टिस बंद ठेवेल, तपासण्या देईल, त्याच्यावर केवळ आजारासाठी कारवाई होणार नाही आणि त्याचं नाव कुठल्याही यादीत फिरणार नाही.

लगेच कुणी विचारेल, आणि बरोबर विचारेल, की मग पेशंटचं काय? थरथरत्या हाताने ड्रिल चालवणाऱ्याला तुम्ही पाठीशी घालता का? नाही घालत. मी स्वतः म्हणते की ज्याचा हात सकाळी एक घोट घेतल्याशिवाय स्थिर होत नाही त्याने त्या दिवशी कुणाच्या तोंडात सुई घालायची नाही, आणि ऐकत नसेल तर कौन्सिलकडे तक्रार झालीच पाहिजे. पण आज काय चाललंय ते बघा, लपवायचं म्हणून तो तसाच चेअरजवळ उभा राहतो, कारण सुट्टी घेतली तर संशय येईल. गुप्त मदत असेल तर तो महिनाभर आधी थांबेल. परदेशात हे करून बघितलंय. अमेरिकेत डॉक्टरांसाठी राज्याराज्यात असे प्रोग्रॅम आहेत, डेंटिस्टसाठी त्यांच्या असोसिएशनच्या वेलबीइंग समित्या आहेत, घरचा माणूससुद्धा फोन करू शकतो. लंडनमध्ये २००८ पासून डॉक्टर आणि डेंटिस्ट दोघांसाठी सरकारी आरोग्यसेवेतूनच वेगळी गुप्त सेवा सुरू झाली, आणि ब्रिटनमध्ये व्यसनातून बाहेर पडणाऱ्या डॉक्टर-डेंटिस्टचा स्वतःचा आधारगटही आहे. त्याच २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अमेरिकेतल्या १६ राज्यांच्या प्रोग्रॅममधल्या ९०४ डॉक्टरांचा अभ्यास आला होता, पाच वर्षं लघवीच्या अचानक तपासण्या, ग्रुप, देखरेख, आणि ज्यांचा निकाल कळला त्यांच्यातले पाच वर्षांनी साधारण ७९ टक्के लोक लायसन्ससकट काम करत होते. ते डॉक्टर होते, डेंटिस्ट नव्हते, आणि तिथला पैसा अन् शिस्त वेगळी हे मला मान्य आहे. पण व्यसनाच्या आजारात एवढे लोक पाच वर्षांनी उभे राहतात हे ऐकून ज्या घरात आज अंधार आहे त्यांना किती आधार वाटेल हे तुम्हाला काय सांगू.

नागपुरात काय करता येईल ते मी आणि मिस्टरांनी बसून बोललं आहे. सगळ्यात आधी एक फोन नंबर, आणि तो उचलणारा माणूस नागपूरचा नको, नागपूरचे फोन नाशिकला जावेत, नाशिकचे इथं यावेत, म्हणजे आवाज ओळखायची भीती नाही. फोन उचलणारा असा असावा जो स्वतः यातून गेलाय किंवा ज्याच्या घरी हे झालंय, त्याला नीट ट्रेनिंग द्यावं, आणि कुठल्या सायकियाट्रिस्टकडे कोणत्या वेळी गर्दी नसते, कोण ऑनलाइन बघतो हे त्याच्याकडे तयार असावं. दुसरं म्हणजे क्लिनिक सांभाळणं. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि हिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. असोसिएशनच्या चार-सहा मेंबरनी पाळीपाळीने आठवड्यातली एकेक संध्याकाळ आजारी सहकाऱ्याच्या क्लिनिकला बसायचं, अर्धवट आरसीटी म्हणजे रूट कॅनाल पूर्ण करायच्या, कॅप बसवून द्यायच्या, आजार काय ते सांगायची गरज नाही, पाठीचं ऑपरेशन झालं तर जसं करतील तसंच. शटर उघडं राहिलं तर हप्ता भरला जातो, आणि हप्ता भरला जातोय हे कळलं तर माणूस उपचाराला पूर्ण वेळ देतो, अर्धवट सोडून पळून येत नाही. आमच्या वेळी मिस्टरांच्या एका ज्युनिअरने कुणाला न सांगता असं केलं, त्याचे उपकार आम्ही विसरणार नाही. मेंबरशिपच्या फीमधून थोडे पैसे यासाठी बाजूला काढले तरी फोनचा खर्च निघेल. घरच्यांसाठी महिन्यातून एकदा वेगळी बैठक पाहिजे, क्लिनिक-हॉस्पिटलमध्ये नको, एखाद्या वाचनालयाच्या हॉलमध्ये चालेल.

मेडिकल चौकातल्या शासकीय डेंटल कॉलेजने आणि हिंगण्याकडच्या खासगी कॉलेजांनी हे इंटर्नशिपच्या पोरापोरींपर्यंत न्यावं. परीक्षा, ठरलेल्या केसेसचा कोटा पूर्ण करायची धावपळ, हॉस्टेल, पुढे क्लिनिक टाकायचं की नोकरी करायची ही चिंता, सगळं तिथूनच सुरू होतं. स्वतःसाठी स्वतः प्रिस्क्रिप्शन लिहायचं नाही, दुखलं तर दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं, ही सवय तिथंच लागली पाहिजे. आज लेक्चर होतात ती पेशंटच्या व्यसनावर, स्वतःच्या नाही.

संपादकसाहेब, तुम्हाला दोन विनंत्या. एक म्हणजे या पत्राजवळ दोन नंबर मोठ्या टायपात छापा, मानसिक आरोग्याचा सरकारी टेली-मानस १४४१६, हा २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात, आणि व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. आपली वेगळी सोय होईपर्यंत कुणाला आज रात्रीच गरज असेल तर ते तरी हाताशी राहतील. जीव नकोसा झालाय असं घरातलं कुणी बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका, लगेच फोन करा नाहीतर सरळ कॅज्युअल्टीला न्या, कोण बघेल याचा विचार नंतर.

दुसरी विनंती, एखाद्या डेंटिस्टच्या बायकोला, नवऱ्याला, आईला किंवा मुलाला माझ्याशी बोलायचं असेल तर त्यांनी बंद पाकिटात चिठ्ठी तुमच्या ऑफिसला पाठवावी, वर फक्त दातांचं पत्र एवढं लिहावं, आणि तुम्ही ते पाकीट न उघडता माझ्या पत्त्यावर पाठवावं. टपालाचा खर्च मी देईन. असोसिएशनच्या पदाधिकाऱ्यांपैकी कुणाला ही सोय उभी करायची असेल तर मी आणि मिस्टर दोघंही भेटायला तयार आहोत, तेव्हा आम्ही नाव पण सांगू.

आपली,
एक वाचक, नागपूर